किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा : सायकलवरून कोकण किनारा

दिवाळी उलटली की सायकलवरून कोकणात जाण्याचे बेत शिजू लागतात आणि दरवर्षीचे तेच प्रश्न पुन्हा येतात. मुंबई ते गोवा किती दिवसांत होईल? रोज शंभर किलोमीटर धरले तर चालतील ना? किनाऱ्याचाच रस्ता, म्हणजे सपाट असणार? घरातली गिअरची सायकल पुरेल की नवी घ्यावी? रेल्वेत सायकल नेऊ देतात का? एकटीनं जाऊ का?

यातले निम्मे घोटाळे एकाच गैरसमजातून होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रस्ता किनाऱ्याचा, पण सपाट नव्हे

नकाशावर समुद्राला खेटून जाणारी रेघ पाहून मन निर्धास्त होतं. प्रत्यक्षात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी अशा नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उंच सडे पसरलेले असतात. रस्ता खाडीकाठच्या गावातून निघून सड्यावर चढतो, मोकळ्या कातळावरून काही किलोमीटर जातो आणि पुढच्या गावाच्या नारळी-पोफळीत खाली उतरतो. की पुन्हा चढ. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचा. त्याला घाट म्हणवणार नाही. पण हे चढ आखूड असले तरी उभे असतात, आणि असे पाच-सहा एका दिवसात आले की साठ किलोमीटरमध्ये सात-आठशे मीटरची चढाई सहज होते.

म्हणून बेत आखताना किलोमीटरआधी खाड्या मोजा. किती खाड्या ओलांडायच्या, त्यातल्या किती पुलावरून आणि किती फेरीबोटीनं, हे कागदावर मांडलं की दिवस आपोआप ठरतात. अंतराचा ढोबळ हिशेब असा ठेवा:

- नवख्या मंडळींनी दिवसाला ४० ते ५० किलोमीटर.
- शनिवार-रविवार नियमानं सायकल चालवणाऱ्यांनी ६० ते ७०.
- ज्या दिवशी फेरीबोट आहे त्या दिवशी यातले दहा वजा.

रोज शंभर किलोमीटर करणारे आहेत, आणि त्यांची तयारी खरोखर वाखाणण्यासारखी असते. पण तुम्हाला वाटेतलं गाव पाहायचं असेल, पोफळीच्या बागेत तासभर बसायचं असेल, तर तो हिशेब तुमच्या कामाचा नाही. कोकण किनारा घाईनं पार करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

निघण्याआधी महिनाभर सराव करा. त्यात निदान दोनदा सलग दोन दिवस, सामानासह, चाळीस-चाळीस किलोमीटर चालवून पाहा. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय चालतात. सीट टोचतं का, मनगटं बधिर होतात का, गुडघा कुरकुरतो का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी किंवा रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि नेहमीची औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

कधी जावं आणि कुठून कुठे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. सकाळी हवेत गारवा असतो, आकाश मोकळं असतं आणि फेऱ्या नियमित चालतात. ऑक्टोबरचं ऊन ओलसर हवेमुळे अंगावर येतं. मार्चपासून दुपार सोसवत नाही. त्यातच शिमग्याला चाकरमानी गावी येतात, खोल्या भरतात आणि रस्त्यांवर गाड्या वाढतात. पालखी नाचवतात ती पाहायची असेल तर जरूर जा, पण मग मुक्काम एकाच गावात ठेवा.

पावसाळ्यात जाऊ का, हा प्रश्न हमखास येतो. हिरवाई, धबधबे, सड्यांवरची फुलं यांचा मोह मला समजतो. पण त्या दिवसांत गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात, खाड्यांवरच्या फेऱ्या वादळी हवेत केव्हाही थांबतात आणि जेट्टीच्या उतारावर शेवाळ धरतं. पावसात सायकल चालवायचीच असेल तर एखाद्या गावात मुक्काम ठोकून आसपास फिरा. खाड्यांवर अवलंबून असलेला सलग प्रवास पावसाळ्यात नको.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. कारण वाऱ्याचं आहे. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी खारा वारा सुटतो, तो बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीशी किंवा बाजूनं मिळतो, तर उत्तरेला येणाऱ्याला छातीवर घ्यावा लागतो. उघड्या सड्यावर दुपारी तीन वाजता हा फरक नीट समजतो. फक्त दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्यामुळे पाहायला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. वळणावर तो मोह टाळा.

एका दमात गोवा नको. तीन तुकडे करा

मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचं अंतर, वळणं-वळसे धरून, पाचशे किलोमीटरहून जास्त आहे. दहा-बारा दिवसांची सुट्टी कुणालाही सहज मिळत नाही, म्हणून लोक ते सहा दिवसांत कोंबतात आणि शेवटचे दोन दिवस महामार्गावरून कंटाळत काढतात. त्यापेक्षा तीन हिवाळ्यांत तीन तुकडे करा.

पहिला तुकडा : मांडवा ते हरिहरेश्वर, तीन दिवस. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हाच. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तीत सायकल तिकीट काढून थेट ढकलत नेता येते. मांडवा ते अलिबाग सुमारे वीस किलोमीटर. शनिवारी सकाळी या पट्ट्यात मोटारींची रांग असते, म्हणून शक्य असेल तर शुक्रवारी निघा. अलिबागच्या पुढे नागाव, चौल, रेवदंडा हा रस्ता वाड्यांच्या सावलीतून जातो आणि बराचसा सपाट आहे. रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव, मग कोर्लईचा किल्ला डावलून रस्ता डोंगरउतारांशी खेळू लागतो. पहिला मुक्काम रेवदंडा किंवा काशीद.

काशीद ते मुरूड या पट्ट्यात डाव्या हाताला फणसाडचं जंगल आहे. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६मध्ये ते अभयारण्य झालं. शेकरू पाहायची इच्छा असेल तर अर्धा दिवस राखून ठेवा आणि आत जाण्याची परवानगी वन विभागाकडून रीतसर घ्या. मुरूडहून आगरदांडा, तिथून बोटीनं दिघी आणि पुढे दिवेआगर हा दुसरा मुक्काम. तिसऱ्या दिवशी दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन. हा रस्ता समुद्राच्या इतका जवळून जातो की काही ठिकाणी लाटांचे तुषार अंगावर येतात. चढ फार नाहीत, रहदारी विरळ आहे. सायकलवरून कोकण एकदाच पाहायचं असेल तर हा पट्टा चुकवू नका. श्रीवर्धन ते हरिहरेश्वर साधारण वीस किलोमीटर. परतीसाठी माणगाव स्थानक गाठा. तिथवर टेम्पो ठरवणं सगळ्यात सोयीचं.

दुसरा तुकडा : दापोली ते रत्नागिरी, चार ते पाच दिवस. हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दमवणारा. रेल्वेनं खेडला उतरा. तिथून दापोली तीस किलोमीटरच्या आत आहे, पण सगळा रोख चढाचा. पहिल्याच दिवशी पाय मोडून घेण्यापेक्षा सायकली टेम्पोत टाकून दापोली गाठली तर बिघडत नाही. पुढे कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. दाभोळला बोटीनं वाशिष्ठी ओलांडून धोपावे, मग गुहागर. गुहागरच्या पुढे पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. हे अंतर कागदावर चाळीसच्या आसपास दिसतं, पण प्रत्येक गाव खाली समुद्राशी आणि प्रत्येक दोन गावांमध्ये सडा आहे. त्यासाठी पूर्ण दिवस द्या. तवसाळहून बोटीनं जयगड, मग कवी केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारेच्या वळणांवरून रत्नागिरी. अंगारकी चतुर्थीच्या आगेमागे गणपतीपुळ्याचा मुक्काम धरू नका, खोली मिळणार नाही.

तिसरा तुकडा : रत्नागिरी ते तेरेखोल, पाच ते सहा दिवस. इथे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे वेळापत्रकाची धाकधूक कमी. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी असा हा क्रम. देवगडपर्यंतचे सडे लांबलचक आणि बिनसावलीचे आहेत, म्हणून पाणी दुप्पट घ्या. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तिथे सायकल कातळाबाहेर ठेवा आणि रेषांवर पाय पडू देऊ नका. रेडीच्या पुढे तेरेखोलला गोव्याची फेरी केरीला सोडते. ती बंद असेल तर आरोंदा-किरणपाणीचा पूल आहे. परतीला सावंतवाडी किंवा पेडणे स्थानक जवळ पडतं.

हरिहरेश्वर ते दापोली हा मधला दुवा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. बागमांडला ते वेसवी बोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै अशी दोन दिवसांची वाट सरावलेल्यांनी पहिल्या तुकड्याला जोडावी.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम हाती घेतलेलं आहे. त्यामुळे कुठे वळणरस्ता, कुठे खोदकाम, कुठे बोटीची जेट्टी हललेली असं होऊ शकतं. आदल्या मुक्कामाच्या यजमानांना विचारल्याशिवाय पुढच्या खाडीकडे निघू नका. त्यांच्याइतकी ताजी माहिती दुसरीकडे नसते.

खाडी ओलांडताना

गाडीवाल्याला बोट चुकली तर तासाभराचा खोळंबा होतो. तुमचा मात्र अख्खा दिवस जाऊ शकतो, कारण पर्यायी रस्ते लांबचे आहेत.

- आगरदांडा-दिघी बंद असेल तर म्हसळ्यावरून वळसा.
- बागमांडला-वेसवी बंद असेल तर आंबेतचा पूल.
- दाभोळ-धोपावे बंद असेल तर थेट चिपळूण फिरून. हा वळसा सायकलवर दीड-दोन दिवस खातो, त्यामुळे सरळ टेम्पो करा.
- तवसाळ-जयगड बंद असेल तर भातगावचा पूल.

शेवटच्या फेरीवर कधीही भिस्त ठेवू नका. दुपारी तीनच्या आत बोटीत असाल असाच बेत करा. छोट्या लाँच ओहोटीला थांबतात, म्हणून तिथे भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री विचारून ठेवा. गावात कुणीही सांगेल. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, सुटे पैसे जवळ असू द्या.

जेट्टीकडे उतरणारा रस्ता हा या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तीव्र उतार, आंधळी वळणं, कडेला पावसाळ्यात वाहून आलेली जांभ्याची भुकटी आणि समोरून बोटीतून नुकत्याच सुटलेल्या गाड्यांचा ताफा. बोट दिसली म्हणून वेग वाढवू नका. दोन्ही ब्रेक आलटून पालटून, थोडे थोडे दाबत या. सलग दाबून धरले तर रिम तापते आणि ब्रेकचा जोर उतरतो. शेवटच्या काँक्रीटच्या उतारावर, जिथे भरतीचं पाणी येऊन जातं, तिथे खाली उतरून सायकल हातानं न्या. त्या हिरव्या पट्ट्यावर टायर क्षणात सुटतो. बोटीत सायकल कठड्याला दोरीनं बांधा आणि आधी गाड्या उतरू द्या. गाड्यांच्या मागून शांतपणे चढ चढणं केव्हाही बरं.

सायकल आणि दुरुस्तीचं सामान

नवी सायकल घ्यायची गरज बहुतेकांना नाही. हायब्रिड किंवा एमटीबी, जिचे ब्रेक चांगले आहेत आणि जिच्या मागच्या चाकाचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र ३२ किंवा त्याहून जास्त दात्यांचं आहे, ती पुरते. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंद असावेत. त्याहून अरुंद टायर फुटलेल्या डांबरावर हाल करतात. बिनगिअरची सायकल घेऊन जाणारे धीराचे लोक आहेत, पण त्यांना निम्मे चढ चालत चढावे लागतात. तेवढी तयारी असेल तर तीही चालेल.

निघण्याआधी ब्रेकपॅड नवे टाका, चेन ताणलेली नाही ना ते पाहा, चाकं सरळ करून घ्या. बरोबर हे हवंच: दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, षटकोनी चाव्या, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी, जादा ब्रेकपॅड, थोडं तेल, जुनं फडकं.

व्हॉल्व्हकडे लक्ष द्या. तालुक्याच्या गावातही पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलची हवा भरायची सोय असते. ती मोटारीसारख्या जाड व्हॉल्व्हला बसते. तुमच्या सायकलला बारीक, वर स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असेल तर नाण्याएवढा पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा. तो नसेल तर हवेचं मशीन समोर असूनही हातपंपानं घाम गाळावा लागतो.

किनाऱ्यावर धातूचा खरा शत्रू मीठ. वाळूत सायकल चालवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण खारी वाळू, जांभ्याची लाल धूळ आणि चेनचं तेल एकत्र झालं की त्याचा खरवडणारा चिखल होतो आणि दोन दिवसांत गिअर कुरकुरू लागतात. रोज संध्याकाळी यजमानांच्या विहिरीवरून बादलीभर गोडं पाणी घ्या, चेन आणि गिअरवर ओता, फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि सकाळी निघण्याआधी तेलाचे मोजके थेंब सोडा. दहा मिनिटांचं काम, पण हे केलं तर वाटेत चेन दगा देत नाही.

सामान पाठीवर अजिबात नको. मागच्या कॅरियरवर दोन बाजूंना पिशव्या लावा. एकूण वजन आठ-दहा किलोंच्या आत. कपड्यांचे दोन जोड पुरतात, रात्री धुतले की सकाळपर्यंत सुकतात. हेल्मेटची सक्ती सायकलला कायद्यानं नाही, तरी ते घालाच. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा; दाट झाडीच्या बोगद्यातून जाताना उन्हातून आलेल्या चालकाला तुम्ही दिसत नाही.

दिवस कसा आखावा

डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं आणि सहा वाजून काही मिनिटांनी सूर्य मावळतो. उजाडताच निघा, साडेदहा-अकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर संपवा. फेरीबोट गाठायची नसेल तर तीनपर्यंत सावलीत थांबा. उरलेलं अंतर पाचच्या आत संपलं पाहिजे. अंधारात सड्यावर सायकल चालवू नका; रस्त्यावर गुरं बसलेली असतात आणि खड्डे दिसत नाहीत.

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर फक्त नाइलाज असेल तेव्हाच जा. सायकलला तिथे बंदी नाही, पण ट्रक आणि खासगी बसच्या वेगात तुमचं काही चालत नाही.

पाणी किमान दोन लिटर सायकलवर हवं. घामातून मीठ जातं, त्यामुळे नुसतं पाणी पुरत नाही: शहाळं, कोकम सरबत, मीठ-साखरपाणी, जेवताना सोलकढी. सकाळी घावणे किंवा आंबोळी मिळाली तर पोटभर खाऊन निघा. दुपारच्या जेवणाचं मात्र सांगून ठेवावं लागतं. कोकणातल्या घरगुती खाणावळी आधी कळवल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. बाराला दारात उभं राहून जेवण मागितलं तर ती माऊली तरी काय करणार? आदल्या रात्री, निदान सकाळी नऊच्या आत फोन करा, किती जण आणि शाकाहारी की मासे ते सांगा, आणि बेत बदलला तर न विसरता कळवा. तुमच्यासाठी सकाळी आणलेले मासे दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत.

मुक्कामासाठी घरगुती निवास सगळ्यात चांगले. हरिहरेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर अशा ठिकाणी भक्तनिवासही आहेत. खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: सायकल रात्री आत ठेवता येईल का, धुवायला पाणी मिळेल का, आणि घर मुख्य रस्त्यापासून किती उतारावर आहे. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि सकाळी थंड पायांनी पहिलाच उभा चढ चढतात. नाताळचा आठवडा आणि लांब जोडसुट्ट्या सोडल्या तर मधल्या वारी जागेची अडचण येत नाही.

एकट्यानं किंवा एकटीनं जावं का? पहिल्या तुकड्यावर जरूर. अनेक स्त्रिया या वाटेवर एकट्या जातात. मुक्काम कुटुंब राहत असलेल्या घरात ठेवा, पुढच्या यजमानांना निघताना आणि घरच्यांना पोहोचल्यावर फोन करा, नकाशे मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या. सड्यांवर आणि खोलगट गावांत नेटवर्क जातं. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मिळते.

रेल्वेत सायकल

डब्यात नेता येणाऱ्या सामानाची कमाल मापं १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहेत. वातानुकूलित तीन-टिअर आणि चेअरकारमध्ये त्याहून कमी. घडी होणारी सायकल पिशवीत घालून या मापात बसत असेल तरच डब्यात न्या. बाकी सायकली ब्रेकव्हॅनमधून जातात, आणि घोळ होतो तो इथे. पार्सल कार्यालयात दोन प्रकारे नोंद होते. तुमच्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून नोंदवली तर ती तुमच्याच गाडीतून पाठवतात. नुसतं ‘पार्सल’ म्हणून दिली तर जागा मिळेल त्या गाडीनं, कदाचित दुसऱ्या दिवशी येते. तेव्हा खिडकीवर ‘लगेज’ हा शब्द स्पष्ट उच्चारा आणि पावतीवर गाडी क्रमांक पाहून घ्या.

- गाडीच्या दोन तास आधी पोहोचा; तिकीट आणि ओळखपत्राची प्रत बरोबर ठेवा.
- पेडल काढा, हँडल वळवा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा.
- नाव, फोन, कुठून-कुठे हे पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत दोन ठिकाणी लिहा.
- छोट्या थांब्यांवर पार्सलची सोय नसते आणि गाडी दोन मिनिटंच थांबते. चढ-उतार रत्नागिरी, मडगावसारख्या मोठ्या स्थानकांवर ठेवा. खेड, माणगाव, सावंतवाडी यांची सोय आधी विचारून घ्या.

सोय नसेल तर खासगी बसच्या डिकीतून सायकल नेता येते. भाडं बसायच्या आधी ठरवा. एसटीत ते चालक-वाहकांवर आणि गाडीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

अपघात झाला तर

सायकल हे मोटार वाहन नाही. तिला परवाना, नोंदणी, विमा काही लागत नाही. म्हणून रस्त्यावर तुमचा हक्क कमी ठरत नाही. मोटार वाहनानं धडक दिली तर त्याच्या विम्यातून भरपाई मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. त्यासाठी जागेवरच हे करा: वाहनाचा क्रमांक आणि आजूबाजूचे फोटो घ्या, १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांना बोलवा, साक्षीदाराचा फोन नंबर लिहून घ्या. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मदत करणाऱ्या गावकऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव सांगायला भाग पाडू शकत नाही, हे त्याला आवर्जून सांगा. भीतीपोटी माणसं मागे सरतात.

रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता देणारी केंद्राची योजना २०२५पासून लागू आहे. वाहन पळून गेलं आणि सापडलं नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपयांची भरपाई कायद्यानं ठरलेली आहे. अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं तर कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून बरं वाटेपर्यंत थांबू नका. स्वतःचा अपघात विमा असेल तर निघण्याआधी त्याच्या अटी वाचा. काही विम्यांत सायकलसफर साहसी खेळात धरून वगळलेली असते.

वाळू आणि वन

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर पडतात. या काळात अंधार पडल्यावर वाळूवर सायकल, टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा नेऊ नका. पिल्लं पाण्यावरच्या उजेडाकडे जातात. तुमच्या दिव्यानं ती उलट्या दिशेला भरकटतात. पाहायची असतील तर गावातल्या कासवमित्रांबरोबर, ते सांगतील त्या वेळी जा. सिंधुदुर्गात रस्त्यालगत देवराया लागतात: सायकल बाहेर, चपला बाहेर, आणि तिथलं वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही. तंबू टाकायचा असेल तर किनाऱ्यावर ग्रामपंचायतीला आणि बागेत मालकाला विचारा. अभयारण्यात वन विभागानं नेमून दिलेल्या जागेखेरीज कुठेही मुक्काम करता येत नाही, आणि शेकोटी तर मुळीच नको. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीनं शेजारची आंबा-काजूची बाग जाऊ शकते.